टीव्ही किती अंतरावरून पाहावा आणि त्यासाठी किती इंची घ्यावा

टीव्ही घेताना आधी इंच ठरतात, मग टीव्ही घरी येतो आणि त्यानंतर सोफा कुठे सरकवायचा याची चर्चा सुरू होते. हा क्रम उलटा करा. बहुतेक खोल्यांत सोफा, दार, खिडकी आणि प्लग यांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. म्हणजे अंतर जवळपास पक्के असते आणि ठरवायचा उरतो तो स्क्रीनचा आकार. आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतले अभियंते बर्नार्ड लेक्नर यांनी अमेरिकी घरांत लोक टीव्हीपासून किती लांब बसतात हे मोजले, तेव्हा ते अंतर साधारण ९ फूट निघाले. ते अंतर खोलीच्या मांडणीतून आलेले होते, टीव्ही केवढा आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तुमच्या घरातही बहुधा तसेच असणार. म्हणून आधी मोजा, मग निवडा.

काय काय लागेल

- किमान ५ मीटरची मोजपट्टी. शिवणकामाची टेप चालेल, पण ती लोंबकळली की माप चुकते.
- जुनी वर्तमानपत्रे किंवा मोठा पुठ्ठा, आणि भिंतीचा रंग न उखडणारी कागदी चिकटपट्टी.
- हातात मावेल असा एक साधा आरसा.
- मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर, कागद, पेन्सिल.
- मदतीला एक माणूस. स्वतःच्या डोळ्यापासूनचे अंतर एकट्याने नीट मोजता येत नाही.
- टीव्हीच्या माहितीपत्रकातले आकडे: स्टँडसह आणि स्टँडशिवाय उंची, जाडी, वजन आणि मागच्या छिद्रांची मांडणी.

१. भिंतीपासून भिंत मोजू नका, डोळ्यापासून काच मोजा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. खोली १२ फुटांची आहे म्हणून "१२ फुटांसाठी केवढा टीव्ही घेऊ?" असे विचारले जाते. पण १२ फुटांवर कोणीच बसलेले नसते. सोफा भिंतीला अगदी चिकटलेला नसतो, त्याच्या पाठीला जाडी असते, आणि डोके पाठीला टेकले तरी डोळे त्याच्या पुढे असतात. हे सगळे धरून डोळे मागच्या भिंतीपासून सहज ५० ते ६० सेंटीमीटर पुढे येतात.

दुसऱ्या बाजूला टीव्हीही भिंतीत रुतलेला नसतो. पातळ ब्रॅकेटवर लावला तर ब्रॅकेट आणि टीव्हीची जाडी मिळून काच भिंतीपासून साधारण ८ ते १२ सेंटीमीटर पुढे येते. टेबलावर स्टँडसह ठेवला तर १५ ते २५ सेंटीमीटर. म्हणजे ३६० सेंटीमीटरच्या खोलीत खरे अंतर २९० च्या आसपास भरते. हा फरक एका मापाचा टीव्ही बदलायला पुरेसा आहे.

मोजताना रोज बसता तसे बसा. ताठ बसू नका. मदतनिसाला टीव्हीची काच जिथे येणार तिथे मोजपट्टीचे टोक धरायला सांगा आणि दुसरे टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ आणा. सोफा मागे रेलणारा असेल तर दोन्ही स्थितींत मोजा आणि जास्त वेळ ज्या स्थितीत जातो ते माप धरा. आकडा सेंटीमीटरमध्ये लिहा. पुढचे गणित त्याने फार सोपे होते.

२. तीन, चार, सहा: एवढे लक्षात ठेवा

टीव्हीचे इंच म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. कडेची चौकट त्यात धरत नाहीत. आजच्या टीव्हींचे प्रमाण १६:९ असते, त्यामुळे तिरक्या लांबीवरून रुंदी आणि उंची काढता येते. पण बसण्याच्या अंतरासाठी तेवढेही करायला नको. स्क्रीनच्या इंचांना ठरावीक आकड्याने गुणले की अंतर सरळ सेंटीमीटरमध्ये मिळते:

- इंच × ३ = सर्वांत जवळचे आरामदायी अंतर. स्क्रीन नजरेचा सुमारे ४० अंशांचा भाग व्यापते. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असणाऱ्यांसाठी टीएचएक्स ही चित्रपटगृहांच्या चित्र-आवाजाचा दर्जा ठरवणारी कंपनी हाच कोन सुचवते.
- इंच × ४ = सर्वसाधारण घरासाठी सगळ्यात चांगले अंतर. कोन ३० अंश. चित्रपट आणि टेलिव्हिजन अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेच्या शिफारशीतला कोन हाच, आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने एचडी टेलिव्हिजन घडवताना धरलेला कोनही हाच.
- इंच × ६ = सर्वांत लांबचे अंतर. कोन साधारण २० अंशांवर येतो. याच्या पलीकडे चित्र दिसते, पण त्यात शिरल्यासारखे वाटत नाही, आणि खालच्या पट्टीतली अक्षरे वाचायला डोळे बारीक करावे लागतात.

तुमच्याकडे अंतर आहे, म्हणून गणित उलटे करा. अंतराला ४ ने भागा: तो मधला आकार. ३ ने भागा: त्याहून मोठा नको. ६ ने भागा: त्याहून लहान नको. वरच्या २९० सेंटीमीटरच्या उदाहरणात मधला आकार ७२ इंच, कमाल ९७ आणि किमान ४८ निघतो. नेहमीच्या मापांत बघितले तर ६५ किंवा ७५ इंची टीव्ही योग्य, ५५ इंची चालेल आणि ४३ इंची लहान पडेल.

पहिल्यांदा हे गणित करणाऱ्याला उत्तर अवाजवी मोठे वाटते. डोळ्याला जुन्या टीव्हीची सवय असते, त्यामुळे हे होणारच. जुना टीव्ही ४:३ प्रमाणाचा, जवळपास चौकोनी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २९ इंची जुन्या टीव्हीच्या नळीची कड चौकटीआड जाई, म्हणून दिसणाऱ्या चित्राची उंची सुमारे ४१ सेंटीमीटर असे. तेवढीच उंची नव्या प्रमाणात हवी असेल तर ३३ इंची स्क्रीन लागते. "२९ वरून ३२ वर गेलो" म्हणणाऱ्यांच्या टीव्हीवर बातमीदाराचे डोके आधीपेक्षा थोडे लहान दिसते, ते यामुळे.

३. तुम्ही नक्की काय बघता?

वरचे तीन आकडे कोनाचे आहेत. आता चित्राच्या बारकाव्याचा हिशोब करू, कारण खराब चित्र जवळून पाहिले तर त्याची खराबीच दिसते.

एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला. सर्वसाधारण निरोगी डोळ्याला साधारण एक कलेएवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखू येतात. डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची ६/६ नजर म्हणजे हीच. स्क्रीनवरचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात लहान ठिपका, डोळ्यापाशी एक कलेहून मोठा कोन करत असेल तर चित्र जाळीदार, ओबडधोबड दिसू लागते. त्यावरून प्रत्येक दर्जासाठी जवळची मर्यादा निघते, आणि तीही इंचांच्या पटीत सांगता येते:

- साधे जुने प्रसारण (५७६ रेषा): इंच × साडेसात
- ७२० रेषांचे एचडी: इंच × ६
- फुल एचडी (१९२० × १०८०): इंच × ४
- ४के (३८४० × २१६०): इंच × २

फुल एचडीची मर्यादा आणि ३० अंशांचे अंतर एकाच जागी येतात हे पाहा. एनएचकेच्या अभियंत्यांनी एचडीच्या रेषा ठरवताना पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतर गृहीत धरले होते, तेच इथे दिसते.

या यादीतून दोन व्यवहारी निष्कर्ष निघतात. पहिला, ४के टीव्हीवर खरे ४के चित्र बघत असाल तर पिक्सेलची चिंता सोडा. × २ इतक्या जवळ कोणी बसत नाही, त्याआधीच कोन जास्त होऊन मान वळवावी लागते. दुसरा, तुम्ही × ४ च्या पलीकडे बसत असाल तर ४के आणि फुल एचडी यांच्या बारकाव्यातला फरक ६/६ नजरेला दिसणार नाही. ज्यांची नजर याहून तीक्ष्ण आहे, आणि तरुणपणी अनेकांची असते, त्यांना थोडा आणखी लांबून दिसेल. ४के टीव्हींमध्ये बहुधा रंग आणि उजेड-अंधाराची व्याप्तीही चांगली असते. तो फायदा कितीही लांबून मिळतो, म्हणून ४के घेणे वाया जात नाही. ४केच्या चौपट पिक्सेलचे ८के मात्र घरातल्या नेहमीच्या अंतरावरून डोळ्याला वेगळे ओळखू येत नाही. त्यासाठी जास्त खर्च करू नका.

खरी अडचण साध्या प्रसारणाची आहे. घरात दिवसातला बराच वेळ जुन्या दर्जाच्या वाहिन्या चालत असतील, तर × ४ ने निवडलेल्या टीव्हीवर त्या धूसर दिसतील आणि सगळे टीव्हीलाच दोष देतील. × साडेसात हा आकडा पूर्ण पाळायचा म्हटले तर २९० सेंटीमीटरवर ३९ इंची टीव्ही येतो. इतके लहान जाऊ नका, कारण चित्रपट आणि सामने त्यावर मजेदार राहत नाहीत. मधला मार्ग म्हणजे × ५: २९० ला ५५ किंवा ५८ इंची. टीव्ही अनेक वर्षे टिकतो आणि चित्राचा दर्जा वाढतच जातो, म्हणून शंका असेल तिथे मोठ्याकडे झुका.

"४के" असे लिहिलेले म्हणजे ४के दिसणारच असे नाही. इंटरनेटचा वेग कमी पडला की ॲप गुपचूप खालच्या दर्जावर येते. वेगाने हलणारे गवत, पाणी, धुके, गर्दी, पाऊस अशा दृश्यांत चौकोनी तुकडे दिसत असतील तर दोष प्रसारणाचा आहे. टीव्ही मोठा असेल तर ते तुकडेही मोठे दिसतात.

चित्रपट हाच मुख्य उपयोग असेल तर एक आकडा आणखी. अनेक चित्रपट २.३९:१ इतक्या लांबट प्रमाणात असतात आणि वर-खाली काळ्या पट्ट्या सोडतात. ६५ इंची स्क्रीनची उंची ८१ सेंटीमीटर, पण अशा चित्रपटात चित्राला त्यातले ६० च मिळतात. म्हणून चित्रपटवेड्यांनी × ४ ऐवजी × ३ ते साडेतीनचा विचार करावा. याउलट जुन्या ४:३ मालिका बघताना स्क्रीनच्या दोन्ही कडा रिकाम्या राहतात आणि फक्त पाऊण रुंदी वापरात येते.

व्हिडिओ गेमसाठी टीव्ही वापरणाऱ्यांना × ३ आवडते, पण कोपऱ्यातला नकाशा आणि उरलेल्या गोळ्यांचा आकडा एका नजरेत दिसला पाहिजे. कॅमेरा गरगर फिरणाऱ्या खेळात काहींना इतक्या जवळून मळमळते. तसे झाले तर अर्धा मीटर मागे जा.

४. कागदाचा टीव्ही भिंतीवर लावा

गणित झाले, आता डोळ्याला विचारा. दुकानात हे कळत नाही. तिथे छत उंच, भिंत लांब आणि शेजारी त्याहून मोठे टीव्ही असतात. त्यामुळे ६५ इंचीही लहान वाटतो आणि तोच घरी आला की भिंत भरून टाकतो.

रुंदी काढायला इंचांना २.२ ने गुणा, उंची काढायला सव्वाने. उत्तर सेंटीमीटरमध्ये येते. नेहमीची मापे अशी:

- ३२ इंच: ७१ × ४०
- ४३ इंच: ९५ × ५४
- ५० इंच: १११ × ६२
- ५५ इंच: १२२ × ६९
- ६५ इंच: १४४ × ८१
- ७५ इंच: १६६ × ९३
- ८५ इंच: १८८ × १०६

वर्तमानपत्रे जोडून या मापाचा आयत करा आणि टीव्हीच्या जागी चिकटवा. दोन मापांत घोळ असेल तर मोठा आयत लावून त्यावर लहानाची चौकट चिकटपट्टीने आखा. किमान दोन दिवस तसेच राहू द्या. पहिल्या तासात मोठा आयत अंगावर आल्यासारखा वाटतो, दुसऱ्या दिवशी नजर सरावते. निर्णय दुसऱ्या दिवशीचा घ्या.

कोन तपासायला मूठ वापरा. हात सरळ पुढे ताणून मूठ वळली की ती नजरेचे साधारण १० अंश झाकते. हात आखूड असला तर मूठही लहान असते, म्हणून हे लहानमोठ्या सगळ्यांना लागू पडते. सोफ्यावर बसा, एक डोळा मिटा आणि कागदाची रुंदी किती मुठींत झाकली जाते ते मोजा. तीन मुठी म्हणजे उत्तम. दोनाहून कमी भरल्या तर आकार लहान, चाराहून जास्त भरल्या तर मोठा.

कागद वर असतानाच दारे उघडून पाहा, कपाटाचा पल्ला टीव्हीला आपटतो का ते पाहा, आणि टेबलावर ठेवणार असाल तर टीव्हीचे पाय टेबलाच्या रुंदीत बसतात का ते मोजा. मोठ्या टीव्हीचे दोन्ही पाय बरेचदा अगदी कडेला असतात. १४४ सेंटीमीटर रुंद टीव्ही १२० च्या टेबलावर मधोमध ठेवता येईल असे समजून चालू नका.

५. बाकीच्या खुर्च्या

आतापर्यंत सगळे माप मधल्या माणसासाठी घेतले. सगळ्यात जवळ बसणाऱ्याचे अंतर × ३ पेक्षा कमी आणि सगळ्यात लांब बसणाऱ्याचे × ६ पेक्षा जास्त नसावे. दोन्ही जमत नसेल तर लांबच्या माणसाची सोय आधी बघा, कारण जवळचा खुर्ची मागे सरकवू शकतो.

बाजूला बसणाऱ्यांची अडचण वेगळी असते. ती पॅनेलच्या, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याच्या, जातीवर अवलंबून आहे. व्हीए आणि आयपीएस या एलसीडी पडद्याच्या दोन जाती; ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. व्हीए पॅनेलचा काळा रंग समोरून गडद दिसतो, पण साधारण २० अंशांच्या पुढे बाजूला गेले की रंग फिके पडू लागतात. आयपीएस पॅनेल बाजूने बरे दिसते, मात्र अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा करडा वाटतो. ओएलईडी दोन्ही बाबतींत सरस आहे. जागा तपासायची रीत सोपी: टीव्हीच्या मध्यापासून समोर सरळ रेषा धरा. तुमचे समोरचे अंतर ३०० सेंटीमीटर असेल, तर त्या रेषेपासून एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १०० सेंटीमीटर बाजूला गेले की २० अंश होतात, आणि १७० च्या आसपास ३० अंश. एल आकाराच्या सोफ्याची आडवी बाजू बहुधा याच्या पलीकडे जाते. तिथे रोज कोणी बसत असेल तर व्हीए टाळा किंवा टीव्ही वळवता येईल असा बाहूचा ब्रॅकेट घ्या.

६. उंची: इथे दुरुस्ती महाग पडते

अंतर चुकले तर खुर्ची सरकवता येते. उंची चुकली तर भिंतीत नवी भोके पाडावी लागतात. आणि टीव्ही फार वर लावण्याची चूक सर्रास होते, कारण जागा ठरवताना माणूस उभा असतो. बसून ठरवा.

बसलेल्या स्थितीत जमिनीपासून डोळ्याची उंची मोजा. साध्या सोफ्यावर ती १०० ते ११० सेंटीमीटर असते. ही उंची स्क्रीनच्या मध्यापासून खालच्या तिसऱ्या भागापर्यंत कुठेही आली तर मानेला त्रास होत नाही. उदाहरणार्थ डोळे १०५ वर आणि टीव्ही ६५ इंची, म्हणजे उंची ८१. मध्य डोळ्यासमोर आणायचा तर खालची कड ६५ वर येते. खालचा तिसरा भाग समोर आणायचा तर ७८ वर. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही ठेवा.

फर्निचरमुळे आणखी वर न्यावाच लागला तर वरची मर्यादा पाळा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांपेक्षा, बसण्याच्या अंतराच्या पाव भागाहून जास्त उंच नसावी. २६० सेंटीमीटरवर बसत असाल तर डोळ्यांच्या वर ६५ सेंटीमीटर. त्याही वर गेला तर पुढे झुकणारा ब्रॅकेट वापरा, पण झुकवल्याने चित्र नीट दिसते, मान मात्र वरच राहते.

पलंगावरून पाहणाऱ्यांसाठी हिशोब बदलतो. उशीला रेलले की नजर आपोआप वर जाते, म्हणून टीव्ही थोडा उंच आणि थोडा झुकलेला चांगला. इथे चष्म्याची एक अडचण येते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात लांबचे बघायचा भाग वर आणि वाचनाचा भाग खाली असतो. डोके मागे टाकून समोर पाहिले की नजर खालच्या भागातून जाते आणि टीव्ही अस्पष्ट दिसतो. अशा वेळी टीव्ही बदलून काही होणार नाही. तो थोडा वर घ्या, नाहीतर पाठीमागे आणखी उशा लावून डोके सरळ ठेवा.

७. उजेड आणि प्रतिबिंब

कागदाचा टीव्ही भिंतीवर असतानाच त्याच्या मध्यावर आरसा सपाट धरायला मदतनिसाला सांगा आणि स्वतः सोफ्यावर बसा. आरशात जे दिसेल तेच उद्या काळ्या दृश्यात काचेवर दिसणार आहे. खिडकी दिसली तर पडदा लावा किंवा भिंत बदला, दिवा दिसला तर दिवा हलवा. आरसा चारही कोपऱ्यांत फिरवून पाहा. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा करा.

रात्री पूर्ण अंधारात मोठी स्क्रीन डोळ्यांवर येते. टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून मंद पांढरा दिवा लावा, शक्य असेल तर ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. त्याने डोळ्यांची ओढाताण कमी होते आणि काळा रंग अधिक गडद भासतो.

८. "जवळून टीव्ही पाहिला की डोळे बिघडतात"

ही धास्ती जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळातली आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत टीव्ही संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले आणि १९६८ मध्ये तिथे अशा उपकरणांसाठी कायदा झाला. आजच्या एलसीडी आणि ओएलईडी टीव्हीत ती विजेच्या उच्च दाबाची नळीच नसते. शिवाय जुन्या चित्राच्या रेषा जवळून डोळ्यात खुपत, म्हणूनही लांब बसायचा सल्ला दिला जाई.

डोळ्यावरचा ताण बघायचा तर दोन मीटरवरच्या टीव्हीसाठी डोळ्याला अर्धा डायऑप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) जोर लावावा लागतो, ३० सेंटीमीटरवरच्या मोबाइलसाठी तीनाहून जास्त. म्हणजे टीव्हीने डोळ्यांना मोबाइलपेक्षा कितीतरी कमी काम पडते. तरीही डोळे चुरचुरतात, कारण टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, २० फुटांपलीकडे पाहा.

मूल पुन्हा पुन्हा टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसत असेल तर रागावून मागे बसवू नका, डोळे तपासून घ्या. लांबचे नीट दिसत नाही म्हणून ते जवळ जात असण्याची शक्यता आहे. जवळ बसण्याने चष्मा लागला असे मोठ्यांना वाटते, पण अनेकदा चष्म्याची गरज आधीची असते.

९. गणित आणि खोली जुळत नसेल तर

खोली फार लांब आणि मोठा टीव्ही शक्य नसेल, तर सोफा भिंतीपासून सोडवून पुढे घ्या. अर्धा मीटर पुढे आलेला सोफा ५५ इंचीला जवळपास ६५ इंचीचे काम करायला लावतो. तेही जमत नसेल तर भिंतीपासून ४० ते ६० सेंटीमीटर पुढे येणारा बाहूचा ब्रॅकेट आहे. तो घेताना वजनाची क्षमता टीव्हीच्या वजनापेक्षा चांगली जास्त असू द्या, कारण बाहू पूर्ण बाहेर काढला की भिंतीतल्या स्क्रूंवरची ओढ खूप वाढते. पोकळ फळ्यांच्या भिंतीवर असा ब्रॅकेट आतल्या खांबाला धरूनच लावावा.

खोली फार लहान असेल आणि × ३ सुद्धा जुळत नसेल तर लहान टीव्ही घ्या. दुसरा उपाय नाही.

१०. भोके पाडण्याआधी

टीव्ही खोक्यातून काढला की लगेच ड्रिल आणू नका. आधी टेबलावर ठेवून दोन-चार दिवस पाहा. चित्राचा मोड "व्हिव्हिड" वरून "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" वर आणा आणि शार्पनेस बराच खाली घ्या. वाढवलेल्या शार्पनेसने कडांभोवती पांढऱ्या रेघा येतात आणि जवळून त्याच आधी दिसतात. पुष्कळदा "टीव्ही फार मोठा झाला" ही तक्रार एवढ्यानेच मिटते. सगळ्यात लांबच्या जागेवरून खालच्या पट्टीतली अक्षरे सहज वाचता येतात का तेही याच दिवसांत बघा.

मग ब्रॅकेट. मागची चार छिद्रे स्क्रीनच्या बरोबर मध्यावर असतात असे धरू नका, अनेक टीव्हींवर ती मध्याच्या खाली असतात. टीव्ही मऊ चादरीवर पालथा ठेवा आणि खालच्या कडेपासून वरच्या छिद्रांपर्यंतचे अंतर मोजा. सहाव्या पायरीत ठरवलेली खालच्या कडेची उंची त्यात मिळवा. वरच्या उदाहरणात खालची कड ७० वर ठरली आणि छिद्रे कडेपासून ४५ वर असली, तर ती जमिनीपासून ११५ वर यायला हवीत. ब्रॅकेटची भिंतीवरची पट्टी आणि टीव्हीला लावायच्या पट्ट्यांची छिद्रे यांच्यातला फरक त्यात जोडा किंवा वजा करा. साउंडबार खाली बसवायचा असेल तर टीव्ही आणि टेबल यांच्यात १० सेंटीमीटर मोकळे ठेवा, नाहीतर तो रिमोटचा सेन्सर झाकतो. पेन्सिलने खूण करा, पाणसळ लावा आणि ड्रिल करण्यापूर्वी कागदाचा टीव्ही त्या खुणांवर धरून सोफ्यावरून एकदा पाहून घ्या.